औंधची स्वराज्य राज्यघटना

औंधची स्वराज्य राज्यघटना ही औंध संस्थानात २१ जानेवारी १९३९ रोजी स्वीकारण्यात आलेली राज्यघटना होय. राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी तिच्याद्वारे कारभाराचे अधिकार लोकनियुक्त प्रतिनिधींकडे सोपविले. हा उपक्रम ‘औंध प्रयोग’ या नावानेही ओळखला जातो.

पार्श्वभूमी

संस्थान लहान होते व त्याचा मुलूख सलग नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ हे त्याचे तालुके आज सातारा, सांगली व कर्नाटकातील विजयपूर या जिल्ह्यांत मोडतात. राजपुत्र अप्पासाहेब पंत, पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन (भारतानंद) आणि महात्मा गांधी यांच्या विचारविनिमयातून घटनेला आकार आला.

लहान समाजासाठी घटना कशी रचावी, हा प्रश्न युरोपीय ज्ञानोदयाच्या काळातही चर्चिला गेला होता. रूसोने ‘सामाजिक करार’ (१७६२) या ग्रंथात लोकशाही लहान राज्यांनाच मानवते असे प्रतिपादन केले आणि १७६५ मध्ये कॉर्सिका बेटासाठी आराखडा लिहावयास घेतला. तो अपूर्ण राहिला. पुढे १७६९ पर्यंत फ्रान्सने बेट जिंकले. औंधची घटना या परंपरेतून आलेली नाही. तिचे मूळ गांधीजींच्या ग्रामस्वराज्याच्या कल्पनेत आहे. साम्य आहे ते स्वशासनाचा पाया छोट्या, परस्परपरिचित समाजात शोधण्यात.

रचना

गावातील प्रौढांनी पाच जणांची पंचायत निवडावी, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हावी आणि तालुका समित्यांनी मध्यवर्ती विधिमंडळावर प्रतिनिधी पाठवावेत, अशी ही रचना होती. थेट मतदान गावापुरतेच असल्याने मतदार ज्याला निवडी त्याला तो प्रत्यक्ष ओळखत असे. मात्र विधिमंडळावर त्याचा थेट अंकुश राहत नसे. न्यायदानाचे कामही पंचायतींकडे आले. भाषण, सभा व उपासना यांचे स्वातंत्र्य घटनेने मान्य केले. राजाला प्रजेचा प्रथम सेवक म्हटले होते.

मर्यादा व अखेर

ही सत्ता प्रजेने झगडून मिळविलेली नसून राजाने स्वेच्छेने दिलेली होती. शिवाय ब्रिटिशांची सार्वभौम सत्ता कायम असल्याने संस्थानाचे स्वातंत्र्य अंतर्गत कारभारापुरतेच होते. याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली कैदी वसाहत सुरू झाली, व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा चित्रपट तिच्यावरून सुचला. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि घटनेचा अंमल संपला.