शरणपूरची मुलं

दर जूनमध्ये आमच्याकडे एक छोटंसं काम असतं. आम्ही मामे-आते भावंडं थोडे थोडे पैसे काढतो आणि शहापूर तालुक्यातल्या एका वसतिगृहातल्या दोन मुलांच्या वह्या-पुस्तकांचा, गणवेशाचा खर्च भागवतो. कोणी ठाण्यात, कोणी डोंबिवलीत, एक जण पार न्यू जर्सीत. हिशोब माझ्याकडे. या वर्षी धाकट्या आतेबहिणीने फोनवर सहज विचारलं, "ताई, त्या मुलांना पुढे काय करायचंय?" मला उत्तर देता येईना. पाच वर्षांच्या पावत्या फाईलला नीट लावलेल्या आहेत, पण हे विचारायचं मात्र राहूनच गेलं होतं.

तेव्हापासून मला नाशिकचं शरणपूर आठवतंय.

शरणपूर रोडवरून आपण सगळेच कधी ना कधी गेलो आहोत. मीही कित्येकदा गेले, पण 'शरण' कोणाला आणि कशापासून, हे कधी मनात आलं नाही. १८५४-५५ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्याने तिथे एक ख्रिस्ती वस्ती वसवली. आणि १८६० पासून तिथे एक वेगळीच शाळा आणि वसतिगृह चालू लागलं. मुलं आफ्रिकेतली, आईबापांपासून तोडून गुलाम म्हणून विकलेली.

आपल्याला आफ्रिकेतून आणलेली मुलं तशी नवीन नाहीत. 'हबशी' हा शब्द हबश म्हणजे अ‍ॅबिसिनिया, आजचा इथिओपिया, यावरून आला. मलिक अंबर १५४८ च्या आसपास तिथलाच जन्मलेला. लहानपणी विकला गेला, बगदादच्या एका मालकाकडे शिकला आणि शेवटी निजामशाहीचा कारभारी झाला. पण एक मलिक अंबर आपल्याला ठाऊक असतो. त्याच्याबरोबर त्याच बाजारात उभी असलेली बाकीची मुलं कोण होती, कुठे गेली?

एकोणिसाव्या शतकात यातल्या काहींचा माग लागतो. भारतात कंपनी सरकारने १८४३ च्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली, पण अरबी समुद्रात व्यापार चालूच होता. ब्रिटिश आरमाराची जहाजं गुलाम घेऊन जाणारी गलबतं पकडत. सुटलेल्या माणसांना परत कुठे सोडणार? गावाचं नाव मुलाला नीट सांगता येत नसे, आणि सोडलं तरी पुन्हा पकडला जाण्याची भीती. म्हणून काहींना एडनला, काहींना मुंबईत उतरवत. मुंबईत पोलीस त्यांची सोय लावत. कोणी एखाद्या घरी कामाला, कोणी मिशनऱ्यांकडे.

या कामामागे एक माणूस थेट इथिओपियातून आलेला होता. कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग हा जर्मन पाद्री. तिथून त्याला हाकलून दिलं गेलं. १८४१ मध्ये त्याचा अम्हारिक भाषेचा कोश छापून झाला होता, आणि पुढची बरीच वर्षं त्याने मुंबईत काढली. त्याच काळात मुंबईतच डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे गब्रू आणि मारिचा वर्का असे दोन इथिओपियन भाऊ शिकले. ते गुलाम नव्हते. वडील अर्मेनियन, आई तिथली. १८४३ मध्ये विल्सन मायदेशी निघाले तेव्हा हे दोघे एडनपर्यंत त्यांच्याबरोबर गेले आणि तिथून घरी. पुढे मारिचा सम्राट योहान्नेस चौथा याचा दुभाष्या आणि वकील झाला, १८८४ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या भेटीलाही गेला. शिकून घरी परत जाता येणं ही केवढी मोठी चैन आहे, हे शरणपूरच्या मुलांकडे पाहिलं की कळतं.

ती मुलं मुंबईहून नाशिकला जाताना ठाण्याच्या बाजूनेच गेली असणार. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ ची, कल्याणपर्यंत १८५४ ची. थळ घाटातून रेल्वे मात्र १८६५ ला सुरू झाली, म्हणजे आधीच्यांनी कसाऱ्यापुढचा घाट चालत नाहीतर बैलगाडीने चढला असेल. आता कसारा लोकल दिसली की मला हे आठवतं.

शरणपूरला लिहिणं-वाचणं होतं, सुतारकाम आणि लोहारकाम होतं. आणि नवी नावं होती. जेकब वेनराइट, विल्यम जोन्स, मॅथ्यू वेलिंग्टन. एका मुलाचं नाव तर सायमन प्राइस, म्हणजे आडनाव थेट पाद्रीबुवांचं. आईने ठेवलेली नावं बहुतेकांच्या बाबतीत पुसली गेली. मुलींची तर नवीसुद्धा फारशी कोणी लिहून ठेवली नाहीत.

१८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन नाशिकला आला आणि शेवटच्या सफरीसाठी काही मुलांना घेऊन गेला. त्याच्या रोजनिशीत या 'नाशिकच्या पोरां'बद्दल तक्रारीच जास्त आहेत. पुढे १८७२ मध्ये आणखी काही जण त्याच्याकडे गेले. त्यात जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ ला आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा झाडावर त्याचं नाव कोरलं जेकबने, प्रार्थना वाचली तीही त्यानेच. मग सगळ्यांनी मिळून तो देह सुमारे नऊ महिने वाहून किनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत अंत्यविधी झाला, आणि शवपेटीला साथ देणाऱ्या मानकऱ्यांमध्ये शरणपूरचा हा मुलगा होता.

ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला जास्त आवडते ती विल्यम जोन्सची.

तो १८६४ मध्येच मोंबासाजवळ रबाईला मिशनच्या कामासाठी गेला. दहा वर्षांनी प्राइसने मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रेअर टाउन वसवलं आणि नाशिकची बरीच मंडळी तिकडे गेली. तिथे त्यांना म्हणत 'बॉम्बे आफ्रिकन्स'. जोन्सला १८८५ मध्ये पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर बिशप हॅनिंग्टनचा खून झाला, तेव्हा मागे राहिलेला तांडा जोन्सनेच परत आणला. आणि याच जोन्सकडे रबाईला किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम येऊन राहू लागले.

मिशनचा नियम होता की पळून आलेल्यांना ठेवून घ्यायचं नाही, मालक चिडतात. जोन्सने तो सोयीस्करपणे नजरेआड केला. १८८८ मध्ये प्राइस पुन्हा मोंबासाला गेला तेव्हा प्रकरण हाताबाहेर गेलं होतं. गुरू-शिष्य समोरासमोर, आणि विषय शरण देण्याचाच! शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना पैसे देण्याचं ठरवलं आणि १ जानेवारी १८८९ ला चौदाशेहून अधिक लोकांना सुटकेचे कागद मिळाले. शरणपूरने जे शिकवलं ते जोन्सने शरणपूरवाल्यांपेक्षा जास्त मनावर घेतलं होतं, असं मला वाटतं. आश्रयाला राहिलेल्या मुलाने पुढे स्वतःच्या मनाने दार उघडलं. तेही ज्यांनी त्याला वाढवलं त्यांचा नियम मोडून.

याला जोडून एक गोष्ट. १८८८ मध्येच तांबड्या समुद्रात 'ऑस्प्रे' या युद्धनौकेने तीन गलबतांतून इथिओपियातल्या २०४ ओरोमो लोकांना सोडवलं, त्यात बहुतेक मुलं. त्यांना एडनला नेलं, जे तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडायचं. त्यातली ६४ मुलं १८९० मध्ये दक्षिण आफ्रिकेत लव्हडेलच्या शाळेत पोचली. तिथे एकेकाला बसवून त्याची हकीकत विचारली, लिहून घेतली. गाव कोणतं, आईवडील कोण, कोणी पकडलं, कितीदा विकलं. आणि १९०३ मध्ये, म्हणजे ती मोठी झाल्यावर, त्यांना विचारलं की घरी परत जायचंय का? १७ जण १९०९ मध्ये खरोखर परत गेले.

उशिरा का होईना, विचारलं. शरणपूरच्या मुलांना आफ्रिकेत पाठवलं गेलं, पण कुठे आणि कशासाठी हे दुसऱ्यांनीच ठरवलं. तिथे अन्न मिळालं, अक्षर मिळालं, हातात कसब आलं, हे काही थोडं नाही. बाजारात उभं राहण्यापेक्षा लाख पटीने बरं. तरीही त्या मुलांचं म्हणणं आपल्यापर्यंत आलं ते कोणा मोठ्या माणसाच्या शवपेटीमागून. बाकीची नुसती 'आफ्रिकन मुलं' म्हणून राहिली.

असो. गेल्या आठवड्यात वसतिगृहात फोन केला आणि मुलांशीच बोलायला मागितलं. एकाला वायरमन व्हायचंय. दुसरा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "दिवाळीला घरी जायचंय, पण गाडीभाड्याला पैसे नाहीत." आम्ही पाच वर्षं वह्या पाठवत होतो!

तेव्हा भावंडांनो, या वर्षी हिशोबात एक नवा रकाना आहे. गाडीभाडं.