बोलीची पायरी आणि शेतमालाचा भाव : अहिल्यानगर जिल्ह्यातील कांदा लिलावाच्या संदर्भात

प्रस्तावना

लिलावात मालाचा भाव एकदम ठरत नाही. तो एकेका बोलीने चढत जातो. लगतच्या दोन बोलींमधील किमान अंतर म्हणजे बोलीची पायरी होय. ही बाब सामान्यतः किरकोळ मानली जाते. तथापि विक्रेत्याच्या पदरात काय पडते, हे ठरविण्यात तिचा वाटा लक्षणीय असतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नेप्ती, घोडेगाव, राहुरी यांसारख्या कांदा बाजारांच्या संदर्भात या प्रश्नाचा ऐतिहासिक विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हत्ता पद्धतीकडून उघड लिलावाकडे

पूर्वी अनेक बाजारांत हत्ता पद्धती रूढ होती. आडत्या व खरेदीदार रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. माल शेतकऱ्याचा असूनही भाव कसा चढला, कोठे थांबला व का थांबला, हे त्याला कळत नसे. वऱ्हाडात १८९७ च्या कायद्याने कापूस व धान्य बाजारांचे नियमन सुरू झाले होते. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारपेठांची शिफारस केली. पुढे मुंबई प्रांतात १९३९ चा व महाराष्ट्रात १९६३ चा कृषी उत्पन्न बाजारविषयक कायदा झाला आणि उघड लिलाव ही विक्रीची प्रमुख रीत बनली. अशा रीतीने भाव रुमालाखालून बाहेर आला. पायरी किती असावी, हे मात्र मुख्यतः बाजाराच्या वहिवाटीवरच राहिले.

पायरीचा हिशोब

पुढील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिले आहेत. कांद्याच्या एका वक्कलासाठी एक व्यापारी क्विंटलला २,०२० रुपयांपर्यंत, तर दुसरा १,९८५ रुपयांपर्यंत जाण्यास तयार आहे. पायरी १० रुपयांची असल्यास बोली १,९८० किंवा १,९९० रुपयांवर थांबेल. पायरी १०० रुपयांची असल्यास दोन शक्यता संभवतात. १,९०० ची बोली पहिल्याने उच्चारली, तर दुसऱ्यास २,००० म्हणणे परवडत नाही आणि व्यवहार १,९०० वर तुटतो. तीच बोली दुसऱ्याने उच्चारली, तर पहिल्यास २,००० रुपये मोजावे लागतात. ४० क्विंटल मालावर लहान पायरीने पडणारा फरक ४०० रुपयांचा, तर मोठ्या पायरीने पडणारा ४,००० रुपयांचा होय. म्हणजेच भाव मालाच्या प्रतीऐवजी बोली कोणाची आधी आली, या योगायोगावर अवलंबून राहतो. हा योगायोग कधी शेतकऱ्याला तर कधी व्यापाऱ्याला महागात पडतो.

याची जाणीव अन्य क्षेत्रांतील विक्रेत्यांनाही होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १८९३ मध्ये टपालाने झालेल्या तिकिटांच्या एका लिलावात विजेत्याकडून स्वतःची बोली नव्हे, तर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून काही सेंट अधिक, एवढीच रक्कम घेण्याची अट होती. अशा लिलावाची तात्त्विक मांडणी विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये केली.

पायरी अतिशय लहान ठेवावी, असा मात्र याचा अर्थ नाही. आवक मोठी असता एकाच दिवसात अनेक वक्कलांचे लिलाव उरकावे लागतात. एकेका रुपयाने बोली चढविल्यास वेळ जातो आणि शेवटच्या मालाला घाईचा भाव मिळतो. शिवाय खरेदीदार मोजकेच असतील किंवा त्यांनी आपसांत संगनमत केले असेल, तर कोणतीही पायरी शेतकऱ्याचे रक्षण करू शकत नाही. भाव न पटल्यास माल परत नेण्याची मोकळीक असली, तरी वाहतूक व हमालीचा भुर्दंड त्याच्याच माथी बसतो.

निष्कर्ष

भाव ३०० रुपये असता १०० रुपयांची पायरी त्याचा एक तृतीयांश भरते; भाव ३,००० असता तीच केवळ एक तिसांश ठरते. म्हणून पायरी भावाच्या प्रमाणात असावी व लिलावापूर्वी ती जाहीर व्हावी. कांद्याचे भाव कोसळतात, तेव्हा याची निकड अधिक असते; कारण त्या वेळी एका पायरीचा फरक शेतकऱ्याचा उत्पादनखर्च भरून निघतो की नाही, हे ठरवू शकतो. उघड लिलावाने शेतकऱ्याला भाव ऐकण्याचा अधिकार दिला. तो भाव कोणत्या मापाने चढतो, हे आधी जाणून घेण्याचा अधिकार ही त्या सुधारणेची स्वाभाविक पुढची पायरी होय.