बस उशिरा येते, शाळा लवकर सुटते

1901 साली वडिलांकडे निघालेले बालवयातले बाबासाहेब मसूर स्टेशनवर ताटकळले. जात कळताच गाडी हाकायला कोणी तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन भावंडांनीच बैलगाडी हाकली.

1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. तिकिटावर जात नव्हती. पुढे मुलींना मोफत पास मिळाला, मानव विकासच्या निळ्या बस आल्या. पण शाळा पाचला सुटते आणि बस सातला येते, तिथे पास काय कामाचा? फाट्यावर ना शेड, ना दिवा. शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच. नववीतल्या मुलीने जायचे कसे?

आम्ही म्हणतो, वेळेवरची बस ही मेहरबानी नाही, शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. मित्रांनो, शाळेच्या घंटेप्रमाणे फेऱ्या आणि वस्तीजवळ थांबा, असा ग्रामसभेत ठराव घ्या आणि आगारप्रमुखाकडून लेखी उत्तर मागा.

जय भीम!