शेंगदाणा तेल, करंज आणि डिझेल इंजिन: एका दंतकथेची चिकित्सा

१/ चांदणी चौकातून बावधनकडे उतरणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या इंजिनाविषयी एक दंतकथा समाजमाध्यमांवर फिरत असते: रुडॉल्फ डिझेलने आपले इंजिन शेंगदाणा तेलासाठीच घडवले आणि तेल कंपन्यांनी ते सत्य दडपले. इतिहास निराळा आहे आणि अधिक रंजकही.

२/ १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे यशस्वी ठरलेले डिझेलचे इंजिन खनिज तेलावर चालले होते. शेंगदाणा तेलाचा प्रयोग १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातला. तो मांडला ऑटो कंपनीने.

३/ त्यामागची प्रेरणा फ्रेंच सरकारची. आफ्रिकी वसाहतींत भुईमूग विपुल पिके. तेथेच इंधन मिळाले, तर कोळसा वा खनिज तेल बाहेरून आणावे लागणार नव्हते. म्हणजे या ‘हरित’ कल्पनेचा जन्म वसाहतवादी हिशेबातून झाला. डिझेलने पुढे स्वतः चाचण्या केल्या आणि १९१२ मध्ये वनस्पती तेलांच्या भवितव्याविषयी आशा व्यक्त केली.

४/ भारतात हा प्रश्न युद्धाने आणला. एप्रिल १९४२ मध्ये माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी ब्रह्मदेशातील येनानजाँगची तेलक्षेत्रे उद्ध्वस्त केली. त्याच वर्षी डिझेल इंजिनांसाठी भारतीय वनस्पती तेलांच्या उपयोगावर भारतीय संशोधकांचा निबंध प्रसिद्ध झाला.

५/ मग अडले कुठे? वनस्पती तेल डिझेलच्या सुमारे दहापट दाट असते. त्याचा फवारा बारीक उडत नाही, ज्वलन अपुरे राहते, काजळी साचते. डिझेलमध्ये मिसळल्यास दाटपणा घटतो, पण दोष पूर्ण जात नाही. खरा उपाय रासायनिक: तेलाची अल्कोहोलशी प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळे काढणे. ब्रुसेल्सच्या शावान यांनी १९३७ मध्येच त्याचे पेटंट घेतले होते.

६/ आपल्याकडे करंजाचे कडू तेल पूर्वापार दिव्यात जळत आले. तरी २००३ च्या नियोजन आयोगाच्या अहवालाने भर दिला तो मोगली एरंडावर. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले. डिझेलमधील प्रत्यक्ष मिश्रण १ टक्क्याच्याही आत राहिले. पडीक जमिनीवर झाड जगते, पण पाणी आणि खताविना भरघोस बी देत नाही. शिवाय कागदावरची ‘पडीक’ जमीन अनेकदा कुणाचे तरी गायरान असते.

७/ आता बावधन. येथे ‘प्राज हाउस’ उभारणाऱ्या प्राज इंडस्ट्रीजची ओळख इथेनॉलसाठी. तिने देशी कच्च्या मालापासून केलेल्या इंधनाचे अल्प मिश्रण घेऊन १९ मे २०२३ रोजी पुणे–दिल्ली विमान उडाले.

८/ तेल मागे पडले आणि अल्कोहोल पुढे गेले, ते का? माझ्या मते, उसामागे कारखाना, दर आणि संघटित शेतकरी होता. मोगली एरंडामागे केवळ घोषणा. मात्र उसाच्या पाण्याचा हिशेब अजून बाकी आहे.

९/ म्हणून वनस्पतीज इंधनाची बातमी वाचताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत: जमीन कुणाची, पाणी कुणाचे आणि लाभ कुणाचा? १९०० च्या पॅरिसमध्ये ते कुणी विचारले नव्हते.