लायक कोण? : डार्विन, जात आणि आमचे रक्त

गेल्या वर्षी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा तास संपला आणि एक विद्यार्थी टेबलापाशी थांबला. आमच्याच वस्तीतला, घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. म्हणाला, "सर, मित्र म्हणतात, निसर्गात लायक तेवढेच टिकतात. मग राखीव जागा निसर्गाच्या विरुद्धच झाल्या ना?" त्याला वाद घालायचा नव्हता. उत्तर नसल्याची लाज त्याला वाटत होती. विद्यार्थी असताना नागपुरातल्या अशाच एका वर्गात मीही हा प्रश्न ऐकून मान खाली घातली होती. म्हणून हे उत्तर जरा विस्ताराने लिहितो आहे.

प्रथम शब्दाचा इतिहास पाहू. डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' १८५९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा 'लायक तेच टिकतात' हे शब्द त्यात नव्हते. ते हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ मध्ये वापरले आणि डार्विनने ते पाचव्या आवृत्तीत, १८६९ साली, स्वीकारले. डार्विनचे म्हणणे असे की, एकाच जीवजातीतल्या व्यक्तींत फरक असतात. त्यांतले काही फरक त्या त्या परिस्थितीत जगण्याला उपयोगी पडतात आणि पुढच्या पिढ्यांत वाढत जातात. यातले 'त्या त्या परिस्थितीत' हे शब्द महत्त्वाचे. परिस्थिती बदलली की लायकीही बदलते. निसर्ग कोणाला श्रेष्ठत्वाची सनद देत नाही. परंतु ज्यांना साम्राज्ये चालवायची होती, त्यांनी 'परिस्थिती' गाळली आणि 'लायक' तेवढे ठेवले.

आपल्या देशात या विचाराला जातीची तयार उतरंड मिळाली. हर्बर्ट रिस्ले या सनदी अधिकाऱ्याने लोकांची नाके मोजली. नाकाची रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर, हा नासिका निर्देशांक. नाक जितके रुंद तितका सामाजिक दर्जा खालचा, असा त्याचा दावा होता. बंगालच्या जातीजमातींवरचा त्याचा ग्रंथ १८९१ मध्ये निघाला. १९०१ च्या जनगणनेचा हाच आयुक्त. त्या गणनेत जातींची सामाजिक दर्जानुसार क्रमवारी लावण्यात आली. मनूने धर्माच्या नावाने जे सांगितले, तेच आता विज्ञानाच्या नावाने सांगितले जाऊ लागले.

१९१६ साल आपण नागपूरकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होती. या प्रांतातल्या जातीजमातींवरचे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे चार खंड त्याच वर्षी लंडनहून प्रसिद्ध झाले. इतिहासाच्या अभ्यासकाला ते आजही उपयोगी पडतात. मीही ते वापरतो. पण चौथ्या खंडातली महारांची नोंद उघडली की सुरुवातीलाच 'अशुद्ध' हा शिक्का भेटतो. १९११ च्या गणनेप्रमाणे मध्यप्रांत-वऱ्हाडात सुमारे १२ लाख महार होते. माझ्या पणजोबांची पिढी त्या १२ लाखांत मोजली गेली. ते स्वतःला काय समजतात, हे त्यांना कोणी विचारले नसावे.

त्याच वर्षी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. ज्यांची मोजदाद चालली होती, त्यांच्यातलाच एकजण आता शास्त्राची भाषा बोलत होता. भारतातले लोक वंशाने मिश्र आहेत. जात वंशातून निर्माण झाली नाही, ती जातीतच विवाह करण्याच्या सक्तीतून निर्माण झाली, असे त्यांनी मांडले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढींचे मूळही त्यांनी या सक्तीत दाखवले. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये त्यांनी सुप्रजननाच्या नावाने केलेले जातीचे समर्थन खोडून काढले. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच, हे त्यांनी तेथे सांगितले. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये तर त्यांनी नाकांच्या मोजमापांचाच आधार घेऊन अस्पृश्यतेचा वंशसिद्धांत मोडीत काढला.

२०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्ड येथील संशोधकांनी उपखंडातील ७३ समूहांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथे व्यापक संकर झाला आणि पुढे तो दुर्मिळ होत गेला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मिश्रणाचे प्रमाण समूहागणिक वेगळे, पण प्रमाण म्हणजे प्रत नव्हे. बेटीबंदी ही निसर्गाची देणगी नाही, ती इतिहासात केव्हातरी लादली गेली, एवढे यातून स्पष्ट होते.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो. विदर्भात अनुसूचित जातीजमातींत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातला एक बदल आई किंवा बाप एकाकडूनच आला तर माणूस 'एएस', म्हणजे वाहक होतो. त्याला बहुधा त्रास नसतो. दोघांकडून आला तर 'एसएस'. मग लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकतात. माझ्या रिपोर्टवर 'एएस' आहे, धाकट्या बहिणीच्या रिपोर्टवर 'एसएस'. तिच्या लग्नाची बोलणी फिसकटली तेव्हा एक नातेवाईक म्हणाले, "रक्तातच खोट आहे." आमच्याच माणसाच्या तोंडी रिस्ले बोलत होता.

१९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की, वाहकांना मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून संरक्षण मिळते. म्हणजे मलेरियाच्या मुलखात जो बदल एकाला वाचवतो, तोच दुप्पट आला की दुसऱ्याला छळतो. हा बदल आफ्रिकेत, अरबस्तानात आणि ग्रीसमध्येही सापडतो. त्याचा संबंध मलेरियाशी आहे, माणसाच्या उच्चनीचतेशी नाही. आईबाप तेच, जात तीच, पदरात काय पडले तो योगायोग. मग आम्हा भावंडांत लायक कोण?

दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याला 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक असते. जातीतल्या जातीत लग्ने होत राहिली की असे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. जात रक्त राखते म्हणणाऱ्यांनी हे पाहावे. आपणही पाहावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात आपण जुना धर्म टाकला. लग्नाची बोलणी मात्र आजही बहुतेक जुन्याच कुंपणात होतात. कार्यकर्त्यांनी लग्नाआधी रक्ततपासणीचा आग्रह धरावा आणि आंतरजातीय विवाहाला व्यासपीठावरच्या टाळ्यांपलीकडे घरात जागा द्यावी.

माझी बहीण आज शाळेत शिकवते. औषध मिळाले, वेळेला रक्त मिळाले, शिष्यवृत्ती मिळाली, म्हणजे तिची परिस्थिती बदलली. परिस्थिती बदलणे हे माणसाचे काम आहे. राखीव जागा हेही तेच काम आहे, आणि त्यात निसर्गाच्या विरुद्ध काही नाही.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. धडा गेला म्हणून 'बळी तो कान पिळी' ही घोषणा जात नाही. तिला उत्तर देण्याचे साधन तेवढे मुलांच्या हातून जाते. त्या विद्यार्थ्याला मी हेच सांगितले. पुढच्या आठवड्यात तो आपल्या मित्राला घेऊन आला.