सीताफळाचे माहेर

आमच्या घरामागे जेमतेम पाव गुंठा जागा आहे. तिला बाग म्हणावे तर खरे बागाईतदार हसतील. पण दर पावसाळ्याच्या तोंडी तीत एखादे नवे वाण लावून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. निम्मे प्रयोग फसतात. ब्रोकोलीवर गड्डा धरण्यापूर्वीच मावा पडला. महाबळेश्वरहून हौसेने आणलेली स्ट्रॉबेरीची रोपे पुण्याच्या मार्चातल्या उन्हात करपली. पिवळे टोमॅटो मात्र असे लागले की, शेजाऱ्यांकडे रोज वाडगाभर धाडावे लागत.

आईने या खटाटोपाला कधी विरोध केला नाही. गेल्या जूनमध्ये मात्र ती म्हणाली, "तुझी ही विलायती थेरं पुष्कळ झाली. यंदा एक वाफा मला दे. त्यात आपल्या पूर्वजांनी खाल्लं तेच लाव. माझ्या उपवासाला चालेल असं."

मी कागद-पेन्सिल घेतली. आईने सांगितले : रताळी, बटाटे, मिरची, राजगिरा, चार ओळी भुईमूग, दसरा-दिवाळीच्या तोरणांसाठी कडेने झेंडू, आणि कुंपणाशी एक सीताफळ.

यादी पुरी झाली आणि मी पेचात पडलो. कारण तीतली एकूण एक वनस्पती मूळची अमेरिकेतली, असे आज बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. जुन्या शिल्पांत सीताफळासारखी दिसणारी फळे दाखवून काही अभ्यासकांनी वाद घातला आहे खरा; पण त्या कुळातल्या आपल्या ओळखीच्या फळांचे मूळ घर अमेरिकाखंडच. कोलंबस १४९२ साली त्या किनाऱ्याला लागला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्या गलबतांतून तोफा आणि पाद्री आले, तशी बियाणीही आली. अननस, पपई, काजू, पेरू ही मंडळी याच वाटेने आली.

त्या काळच्या बागेत डोकावायचे असेल, तर गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ पाहावा. तो १५६३ साली गोव्यात छापला गेला. मुंबईचे बेट या गृहस्थाकडे खंडाने होते आणि तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येते, हे त्याने मोठ्या कौतुकाने नोंदवले आहे. झाडाचे कौतुक सांगताना भल्याभल्या विद्वानांचा आवाज चढतो, हे वाचून मला फार बरे वाटले. जहांगीर बादशहाची गोष्ट तीच. फिरंग्यांच्या बंदरांतून आलेला अननस आग्र्याच्या गुलअफशान बागेत दरसाल हजारोंनी पिकतो, असे त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

आता मिरचीचे पाहा. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळी महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात मिरची नव्हती. जिभेला चटका द्यायचा तो मिरी, पिंपळी आणि आले यांनी. अरणच्या सावता माळ्यांचे निधन १२९५ सालचे. भाजीच्या मळ्यात विठ्ठल पाहणाऱ्या त्यांच्या लोकप्रिय अभंगात मात्र आज मिरचीही गायली जाते. तो शब्द पुढच्या गाणाऱ्यांच्या तोंडून आत शिरला असावा. आपल्या मळ्यात जे पिकते ते सावतोबांच्या मळ्यात नसेल कसे, असेच त्या भाविकांना वाटले असणार. मला या चुकीचा राग येत नाही. परकी वनस्पती आपली झाली, याचा याहून मोठा दाखला कोणता?

नावांचीही अशीच मौज आहे. मिरचीने मिरीचे नाव घेतले. बटाट्याने तर नाव उसने आणले ते रताळ्याचे : कॅरिबियन बेटांवर 'बटाटा' हा शब्द रताळ्याला होता, पोर्तुगीजांनी तो उचलला आणि आपण दुसऱ्याच कंदाला दिला. टोमॅटोला विदर्भ-खानदेशात भेदरे म्हणतात. आणि एका अमेरिकन फळाला आपण सीतामाईचे नाव देऊन मोकळे झालो. त्याच्या भावाला रामाचे दिले, तिसऱ्याला हनुमानाचे!

पण खरी अडचण उपवासाची होती. साबुदाण्याची खिचडी घ्या. आपल्याकडचा साबुदाणा सेलमकडे ज्या कंदापासून करतात, तो कसावा अमेरिकेचा. त्यातले दाणे, बटाटा, हिरवी मिरची, सारे तिकडचे. मूळच्या इथल्या म्हणाव्यात तर वरई आणि शिंगाडा. मला वाटते, उपवासाला वर्ज्य धान्यांची यादी आधी ठरून गेली होती. ही मंडळी नंतर आली म्हणून तिच्यातून सुटली, आणि सुटली म्हणून पवित्र ठरली.

हे सारे आईला सांगावे की नाही? तिचे वय ब्याऐंशी. साठ-पासष्ट वर्षे तिने एकादशी मोडलेली नाही. माझ्या पांडित्यापायी तिच्या ताटातली श्रद्धा उणी झाली, तर ते पाप कुणाचे? आठ दिवस मी गप्प राहिलो. वाफा केला, बेणे लावले. शेवटी सीताफळाचे रोप लावताना राहवेना. तिथेच मातीत बसून मी सगळे सांगितले.

आई काही बोलली नाही. रात्री जेवणही तिने मुकाट्याने उरकले. मला अपराधी वाटू लागले. मग ताटे उचलताना ती म्हणाली, "या घरात आले तेव्हा मी सोळा वर्षांची. तांदळात बोटानं नवं नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून मी तीच झाले. पासष्ट वर्षांत माझं माहेरचं नाव कुणी विचारलं का रे?"

मी गप्प. खरोखरच मी कधी विचारले नव्हते. तिने ते सांगितले. तिच्या तोंडून ते मी प्रथमच ऐकत होतो.

"मी काही या घरची नाही असं नव्हे," ती पुढे म्हणाली. "पण माहेर होतं, हे कुणाला तरी ठाऊक असावं. तुझ्या सीताफळाचंही तसंच. उपवासाला चालायचं ते चालेल. तू मात्र लिहून ठेव."

सून घरात रुळते म्हणजे पुढच्या पिढीत तिचा तोंडवळा दिसू लागतो. वनस्पतींचेही तसेच आहे. पेरू समुद्रापलीकडून आला; पण लखनौहून आणलेल्या बियांच्या रोपांतून १९२७ साली डॉ. चीमा यांनी पुण्याच्या गणेशखिंडीत एक झाड निवडले. तेच 'लखनौ-४९', म्हणजे आजचा 'सरदार' पेरू. नाव लखनौचे, जन्म पुण्याचा! तिथेच १९३६ साली त्यांनी आळंदी नावाच्या जुन्या डाळिंबातून मऊ दाण्याचे एक झाड वेचले. पुढे १९७० साली त्याला 'गणेश' हे नाव मिळाले. त्या 'गणेश'च्या संकरातून राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'भगवा' हे वाण काढले. म्हणजे नवे वाण काही आकाशातून पडत नाही. कुणीतरी जुने झाड जपलेले असते आणि कुणीतरी शेकडो रोपांत एकाकडे निरखून पाहिलेले असते. जुने बी हरवले, तर नव्याची वाटही बुजते. म्हणूनच अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावोगावचे बियाणे जपले, त्याचे मोल मोठे. २०२० सालच्या पद्मश्रीने ते साऱ्या देशाला कळले.

आईच्या वाफ्याने निराश केले नाही. भुईमूग उंदरांनी निम्मा नेला, बटाटे लिंबाएवढेच भरले. पण मिरच्या आणि झेंडू यांनी हात राखला नाही. सीताफळाला फळ धरायला अजून तीन-चार वर्षे तरी जातील.

प्रत्येक ओळीच्या टोकाला मी एक पाटी रोवली आहे. वर आपले नाव, खाली माहेर : मिरची, मेक्सिको, बटाटा, पेरू देश, झेंडू, मेक्सिको. सीताफळाची पाटी आईने स्वतः लिहायला घेतली. हात कापतो, म्हणून अक्षर वाकडे आले आहे. खाली थोडी जागा उरली होती. तिथे तिने आपले माहेरचे नाव लिहिले.

यंदा दिवाळीच्या पहाटे पणती लावताना मी ते पुन्हा वाचीन.