मूक आणि बधिर : एका जोडशब्दाची हकीकत

मराठीत काही शब्द जोडीनेच नांदतात. एकाचे नाव काढले की दुसरा आपोआप मागे येऊन उभा राहतो. 'मूकबधिर' हा त्यांपैकी एक. शाळांच्या पाट्यांवर, देणग्यांच्या आवाहनांत आणि सरकारी नमुन्यांच्या रकान्यांत हा शब्द इतका रुळला आहे की तो मुळात दोन निराळ्या गोष्टींचा समास आहे याचे भान सहसा राहत नाही. बहिरा मनुष्य मुका का असतो, त्याच्या जिभेत काही दोष असतो काय, कानाला यंत्र लावले की तो तुमच्याआमच्यासारखा ऐकू लागेल काय, हाताने केलेल्या खुणांना भाषा म्हणावे काय, हे प्रश्न आजही सुशिक्षितांच्या बैठकीत सर्रास ऐकू येतात. आमच्या मते हे सारे प्रश्न या एका समासाच्या पोटात दडलेले आहेत. तो समास कसा घट्ट झाला आणि अलीकडे कसा सैल होत आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम शरीराची गोष्ट. जन्मतः बहिऱ्या असलेल्या मुलाचा कंठ, जीभ व ओठ बहुधा पूर्णपणे शाबूत असतात. ते रडते, हसते, आरंभी हुंकारतेही. परंतु बोलणे हे ऐकण्याचे अपत्य आहे. आईचा शब्द कानी पडला नाही तर तो जिभेवर येणार कोठून? म्हणजे मुकेपणा हा त्या मुलाचा दुसरा दोष नसून पहिल्याची सावली असते. ज्याला चारपाच वर्षे ऐकून मग बहिरेपण आले, त्याची वाणी पुष्कळदा टिकते. आणि ज्याला साठाव्या वर्षी आले, तो तर इतरांपेक्षा मोठ्याने बोलतो. इतकी उघड गोष्ट समाजाच्या गळी उतरण्यास शतके लागली, आणि त्या विलंबाची किंमत पुष्कळांनी जमीनजुमल्याच्या रूपाने मोजली.

जमिनीचा प्रश्न येताच आपणांस बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणास जावे लागते. चालुक्यांची ही राजधानी. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दीत, म्हणजे इसवी सन १०७६ ते ११२६ या काळात, विज्ञानेश्वराने येथे याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. पुढे कन्नड आणि मराठी या दोन्ही मुलखांतील घरांची वाटणी शतकानुशतके याच ग्रंथाच्या आधारे होत आली. मनूने वारसाहक्क नसलेल्यांच्या यादीत जन्मांध, बहिरा, वेडा, जड आणि मुका यांची नावे घातली आहेत. याज्ञवल्क्याच्या मूळ श्लोकात मात्र बहिऱ्याचे किंवा मुक्याचे नाव नाही. तेथे पांगळा, वेडा, जड, आंधळा, असाध्य रोगी अशी नावे देऊन शेवटी 'आद्य' म्हणजे 'इत्यादी' असे म्हटले आहे. विज्ञानेश्वराने त्या 'आद्य' शब्दाची फोड करताना बधिर आणि मूक यांना त्यात शेजारी शेजारी बसविले. परिपत्रकातील एका 'इत्यादी'मध्ये काय काय मावू शकते हे आम्हां कारकुनांस निराळे सांगावयास नको. परंतु या एका शब्दाने जितक्यांचे नशीब लिहिले गेले तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या 'इत्यादी'ने लिहिले असेल.

विज्ञानेश्वराला निर्दय ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. वाटा नसला तरी अशा माणसांचे पोषण केलेच पाहिजे असा दंडक त्याने कायम ठेवला. त्यांचे निर्दोष पुत्र वाट्याचे धनी होतात असे सांगितले. आणि वाटणीनंतर औषधोपचाराने दोष गेला तर त्या मनुष्यास त्याचा वाटा मिळालाच पाहिजे असेही म्हटले. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी याच धाग्याने पुढे जाऊन, बहिरेपण व मुकेपण जन्मजात आणि असाध्य असेल तरच वारसा बुडतो, असा निर्णय केला. म्हणजे भाऊबंदांच्या दाव्यात साक्षीदारास विचारावयाचा प्रश्न असा झाला, की हा इसम लहानपणी कधी एखादा शब्द तरी बोलला होता काय? एका शब्दावर शेत अवलंबून. हा प्रकार १९२८ पर्यंत चालला. त्या वर्षी मध्यवर्ती कायदेमंडळाने वारसाहक्कातील अपात्रता दूर करणारा कायदा केला आणि मिताक्षरा मानणाऱ्या कुटुंबांतील बहिऱ्यामुक्यांना वाटा मिळण्यातील अडसर निघाला; १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने शारीरिक व्यंगावरून वारसा नाकारण्याची वाटच बंद केली.

कायद्याप्रमाणेच खानेसुमारीनेही हा समास पक्का केला. १८८१ ते १९३१ पर्यंतच्या जनगणनांत वेडे, आंधळे, कुष्ठरोगी आणि 'बहिरेमुके' अशी चार व्यंगे मोजली जात. मोजावयाचे ते जन्मापासूनचे बहिरेमुके. परंतु गणना करणारे गावचे पाटील-पंतोजी म्हातारपणी कान गेलेल्या आजोबांनाही त्याच रकान्यात बसवीत आणि जुन्या अहवालांतून त्याबद्दलची कुरकुर आढळते. उलट आईबाप लहान मुलाचे व्यंग सांगत नसत. आज ना उद्या बोलेल ही आशा कोणत्या आईला सुटते? १९४१ पासून ही गणना थांबली. १९८१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा रकाने केले तीन : पूर्ण आंधळे, पूर्ण पांगळे आणि पूर्ण मुके. बहिऱ्यांना रकानाच नव्हता! कानाचा दोष जिभेच्या नावावर मांडला गेला. २००१ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले सुमारे १२ लाख ६२ हजार आढळले, २०११ मध्ये सुमारे ५० लाख ७१ हजार. दहा वर्षांत देशाचे कान चौपट बिघडले असा याचा अर्थ नव्हे. व्याख्या बदलली, प्रश्नाची शब्दयोजना बदलली. आकडेवारीच्या कागदांत आयुष्य काढणाऱ्याने आकड्यांपुढे नमस्कार करण्यापूर्वी प्रश्नपत्रिका पाहावी, हे या उदाहरणावरून पटावे.

आता शिक्षणाकडे वळू. पॅरिसमध्ये १७६० च्या सुमारास आबे द लेपे या धर्मगुरूने बहिऱ्यांच्या हातांच्या खुणांनाच शिक्षणाचे माध्यम बनवून शाळा काढली. लाइपझिगला १७७८ मध्ये हाइनिके याने याच्या उलट पंथ धरला. बहिऱ्यास बोलावयास लावणे हेच खरे शिक्षण असे त्याचे मत. या दोन पंथांचा झगडा शंभर वर्षे चालला आणि १८८० च्या सप्टेंबरात इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने वाणीच्या पंथाला कौल दिला. त्या प्रतिनिधींत स्वतः बहिरे असलेले जवळपास कोणी नव्हते. आपल्या देशात या शिक्षणाचा आरंभ नेमका त्यानंतर चारपाच वर्षांनी झाला. मुंबईचे रोमन कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांनी १८८४-८५ च्या सुमारास मुंबईत बहिऱ्यामुक्यांची शाळा काढली; ती हिंदुस्थानातील पहिली मानतात. कलकत्त्याची १८९३ मध्ये निघाली. म्हैसूर संस्थानात म्हैसूर शहरी १९०१ मध्ये बहिऱ्या व आंधळ्या मुलांसाठी एकत्र शाळा सुरू झाली. मिलानचा वारा ताजा असल्यामुळे मुंबईच्या शाळेने वाणीचीच पद्धत स्वीकारली.

या पद्धतीस आपली वर्णमाला फार सोयीची. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी उच्चारस्थानांवर उभारलेली व्यवस्था रोमन लिपीच्या नशिबी नाही. जीभ कोठे टेकवावी हे आपल्या पूर्वजांनी जणू बहिऱ्यांच्या शिक्षकासाठीच लिहून ठेवले आहे. परंतु उच्चार शिकविणे सोपे म्हणून ओठ वाचणे सोपे होत नाही. वाचकांनी आरशापुढे उभे राहून, आवाज न काढता, 'पाय', 'बाय' आणि 'माय' हे तीन शब्द म्हणून पाहावेत. ओठ तिन्ही वेळा तेच दिसतील. 'खा' आणि 'गा' यांत तर दिसण्यासारखे काहीच नाही, सगळा व्यवहार घशात. मिशाळ गुरुजींची गोष्ट आणखी निराळी. तेव्हा ओठांवरून सारे समजते हा समज खोटा आहे. जाणकार बहिरा मनुष्यही निम्म्याहून अधिक भाग प्रसंगावरून आणि चेहऱ्यावरून ताडत असतो. शाळांतून हातांच्या खुणांना मज्जाव असे. अनेक मुले वर्षानुवर्षे एकेक अक्षर घासत बसली आणि त्या श्रमात ज्ञानाची वर्षे निघून गेली. काहींना वाणी लाभली हेही खरे आहे. ते नाकारण्याचे कारण नाही.

'मूकबधिर' या शब्दाआड आणखी एक मोठा वर्ग झाकला गेला : जे बहिरे आहेत पण मुळीच मुके नाहीत. वार्धक्यात प्रथम उंच स्वर जातात. स्वरवर्ण ऐकू येतात, 'स', 'श', 'त', 'फ' हरवतात. म्हणून आजोबा म्हणतात, "तुम्ही हल्ली पुटपुटता," आणि घरचे म्हणतात, "यांना सोयीचे तेवढे ऐकू येते." दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. यंत्र आवाज वाढविते. हरवलेला कान परत देत नाही. सवयीला महिने लागतात, आणि म्हणूनच कित्येक यंत्रे टेबलाच्या खणात निवृत्त होतात. क्षयावर रामबाण ठरलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने प्राण वाचविले पण काहींचे कान घेतले. आमचे हे शहर तर कारखान्यांचे. १९४० मध्ये विमानांचा, १९५३ मध्ये यंत्रअवजारांचा कारखाना येथे उभा राहिला. यंत्रांच्या गोंगाटात वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्याचे कान हळूहळू जातात, हे आता सर्वत्र मान्य झाले आहे. जन्मजात बहिरेपणाच्या कारणांत मामा-भाचीच्या व मामेभावंडांच्या विवाहाचाही वाटा आहे. पहिली चाल दक्षिणेत, दुसरी आपल्याकडेही. गर्भारपणी आईस होणारा रुबेला हा दुसरा शत्रू. त्याच्या लसीची मोहीम २०१७ च्या फेब्रुवारीत ज्या थोड्या प्रदेशांत प्रथम सुरू झाली त्यांत कर्नाटक आणि गोवा होते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९६५ मध्ये म्हैसुरास वाक् व श्रवण यांची अखिल भारतीय संस्था सुरू केली आणि १९८३ मध्ये मुंबईस वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था निघाली. या संस्थांमुळे श्रवण मापणे, यंत्र बसविणे आणि वाणीचे शिक्षण देणे यांना शास्त्राची बैठक मिळाली. परंतु समास खऱ्या अर्थाने सुटला तो दुसरीकडून. १९६० मध्ये अमेरिकेत विल्यम स्टोकी या प्राध्यापकाने बहिऱ्यांच्या खुणांना स्वतःचे व्याकरण आहे असे दाखवून दिले. हातवारे म्हणून ज्याला हिणविले होते ती भाषा ठरली. आणि ज्याला भाषा आहे तो मूक कसा?

आपल्याकडे हे काम मदन वसिष्ठ यांनी हाती घेतले. हिमाचलातील खेड्यात जन्मलेले वसिष्ठ अकराव्या वर्षी आजाराने बहिरे झाले आणि पुढे अमेरिकेतील गॅलोडेट विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी व त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी दिल्ली, मुंबई, कलकत्ता व बेंगळूर या चार शहरांतील बहिऱ्यांच्या खुणा गोळा केल्या. चार शहरांची पुस्तके निघाली; बेंगळूरचे १९८५ मध्ये, मुंबईचे त्याच्या मागोमाग. निष्कर्ष असा की सुमारे पाऊण खुणा चारही ठिकाणी परस्परांशी जुळतात आणि व्याकरण एकच आहे. ते व्याकरण हिंदीचे नाही, मराठीचे नाही, कन्नडचेही नाही; प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते आणि भुवयांची हालचालही व्याकरणाचाच भाग असते.

या निष्कर्षाचे नवल आम्हां परप्रांतस्थ मराठी माणसांना विशेष वाटावे. बदली होऊन येथे आलेला मराठी मनुष्य दहा वर्षांनीही भाजीवाल्याशी मोडके कन्नड बोलत असतो. कारण एक भाषा आर्यकुळातील, दुसरी द्राविड. मुंबईचा बहिरा मात्र येथील बहिऱ्यांच्या मंडळीत थोड्या दिवसांत रमू शकतो. आपल्याला जी भिंत वाटते ती त्याच्यासाठी उंबरठ्याएवढी असते.

व्हँकूव्हर येथे २०१० मध्ये भरलेल्या परिषदेने मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. दिल्लीस २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन-प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या कोशात २०१८ मध्ये ३,००० शब्द होते, २०२१ मध्ये १०,००० झाले. २०१६ च्या कायद्याने बहिरा, कमी ऐकणारा आणि वाक् व भाषेचा दोष असलेला अशी तीन नावे वेगळी केली. दोन्ही कानांत ७० डेसिबलांची हानी असेल तर बहिरा, ६० ते ७० असेल तर कमी ऐकणारा. नोकरीतील राखीव जागांच्या नोंदवहीत त्यामुळे मुक्याचा रकाना बहिऱ्याला चिकटून राहण्याचे कारण उरलेले नाही. असो.

कायद्याच्या कक्षेबाहेरची एक गोष्ट राहते. बहिऱ्या मुलांपैकी बहुतेकांचे आईबाप ऐकणारे असतात. महाराष्ट्राबाहेरील मराठी घरात असे मूल जन्मले की यंत्र बसते, किंवा कानाच्या आतील भागात शस्त्रक्रियेने उपकरण बसविले जाते, आणि मग आईबापांस पुष्कळदा सल्ला मिळतो की मुलाशी एकच भाषा बोला, गोंधळ नको. शाळा कन्नड किंवा इंग्रजी असल्यामुळे घरातून जाते ती मराठी. बहुभाषिक घरातील बहिऱ्या मुलास एकाहून अधिक भाषा झेपतात असे अनेक तज्ज्ञ आता सांगू लागले आहेत. तरी तो जुना सल्ला अद्याप बंद झालेला नाही. आई तुटक्या इंग्रजीत मुलाशी बोलते, आजी गप्प बसते. आजीला कन्नड येत नाही, इंग्रजी येत नाही. खुणा करू नका, मूल आळशी होईल, असे तिला बजावलेले असते.